बडनेऱ्याला उतरा

कॉलेज संपल्यावर सुटलेला व्हिडिओ गेमचा नाद चाळिशीत पुन्हा धरू म्हटलं, तर शत्रूच्या आधी आकडे आडवे येतात. एखाद्या गेमचं नाव कानावर पडतं, खेळून पाहावासा वाटतो, आणि शोधायला जावं तर त्याचे सात भाग निघालेले असतात. वर दोन रीमेक, एक रीमास्टर, आणि पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट सांगणारा आणखी एक. 'फायनल फॅन्टसी' या जपानी मालिकेने तर नावातच 'शेवटची' असं बजावून १९८७ मध्ये सुरुवात केली. २०२३ मध्ये तिचा सोळावा भाग आला. सगळे खेळायचे तर मला नोकरी सोडावी लागेल आणि घरचे मला घर सोडायला सांगतील. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की शिरायचं कुठून?

सल्ला देणाऱ्यांची अमरावतीत वानवा नाही. आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "कोनतंबी काम अनुक्रमानं करावं भाऊ. पह्यला भाग पह्यले. याच्यात विचार कायचा?" ते स्वतः गेम खेळत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरायला हरकत नव्हती.

पण या अनुक्रमवाल्यांच्या पंथाची अडचण अशी, की आकडे स्वतःच अनुक्रमाने वागत नाहीत. फायनल फॅन्टसीचे जपानमधले दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग त्या काळी अमेरिकेत गेलेच नाहीत. म्हणून चौथा भाग तिथे १९९१ मध्ये 'दोन' म्हणून विकला गेला आणि सहावा १९९४ मध्ये 'तीन' म्हणून. मग १९९७ साली सातवा आला तो मात्र उजळ माथ्याने सातवाच म्हणून आला. इमानेइतबारे ओळीने खेळणारं अमेरिकी पोर तीनवरून एकदम सातवर गेलं आणि मधले तीन कुठे हरवले म्हणून दुकानं धुंडाळत बसलं असेल. गंमत म्हणजे या मालिकेत बहुतेक प्रत्येक आकड्याची गोष्ट वेगळी, जग वेगळं, माणसं वेगळी. दहावा खेळायला नववा लागतच नाही. तरीही आकडा दिसला की मागचा राहिला याची रुखरुख लागते. शाळेत गाळलेल्या जागा भरायला लावल्याचा हा परिणाम असावा.

दुसरा पंथ कालक्रमवाल्यांचा. भाग केव्हा निघाला ते सोडा, गोष्ट केव्हा घडते ते पाहा, असं ते म्हणतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण 'झेल्डा' ही मालिका १९८६ मध्ये सुरू झाली आणि तिच्या गोष्टींचा अधिकृत कालक्रम छापून आला २०११ च्या अखेरीस. पंचवीस वर्षं लोक तर्कच लढवत होते. कालक्रम हाती आला तो असा, की १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम' या भागानंतर इतिहासाला तीन फांद्या फुटतात आणि त्यातल्या एकीत नायक चक्क हरलेला आहे. आणि गोष्टीच्या हिशेबाने सगळ्यात पहिला भाग कोणता, तर त्याच २०११ मध्ये निघालेला. म्हणजे १९८६ पासून खेळत आलेल्या माणसाला पंचवीस वर्षांनी कळलं की आपण अजून सुरुवातच केलेली नाही.

तिसरा पंथ माझ्या अकोल्याच्या भाच्याचा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पिढीच्या मानाने थोडक्यात बोलतो. "मामा, जुन्यापासून कायले खेयता? डोये दुखतीन. नवा लावा, सीधी गोष्ट हाय." यातही तथ्य आहे. बोटांना एकदा नव्या कंट्रोल्सची सवय लागली की जुन्या गेममध्ये कॅमेरा वळवताना मान आपलीच वळते. नव्यातून जुन्यात जाणं जड जातं, म्हणून जुन्यातून नव्यात यावं, असं अनुक्रमवाले म्हणतात. पण जुन्यातच जीव रमला नाही तर नव्यापर्यंत पोचणार कोण, असं भाचा विचारतो. दोघांचंही बरोबर असल्यामुळे वाद मिटत नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्न निघालाच नाही, कारण निवड आमच्या हातात नव्हती. नव्वदच्या दशकात घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला, त्याच्यासोबत पिवळी कॅसेट आली आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, '९९९९ इन १'. आम्ही पोट्टे एकेक आकडा दाबून पाहत बसायचो. विसाच्या आत खरे गेम संपायचे आणि मग तेच पुन्हा सुरू व्हायचे. पण नीट पाहिलं तर अगदी तेच नसायचे. एका आकड्यावर मारिओ पहिल्या टप्प्यापासून निघायचा, दुसऱ्यावर थेट पुढच्या टप्प्यात उभा असायचा. कॉन्ट्रातला गडी कुठे साध्या बंदुकीने सुरू व्हायचा, कुठे चांगल्या. सुरुवात कुठून करावी हा ज्या प्रश्नावर आज पंथ पडले आहेत, तो त्या फसव्या कॅसेटने कधीच सोडवून ठेवला होता. आकडा दाबा आणि तिथून लागा.

खुद्द मारिओ बनवणाऱ्यांनाही ओळीने खेळण्याचा आग्रह नव्हता. १९८५ च्या त्या गेममध्ये आठ दुनिया आणि प्रत्येकीत चार टप्पे, असे बत्तीस टप्पे आहेत. पण पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्यात विटांच्या छतावर चढून सरळ धावत सुटलं, की तीन नळकांडी लागतात. त्यातलं एक थेट चौथ्या दुनियेत नेतं. तिथल्या दुसऱ्या टप्प्यात दडलेला रस्ता सापडला की आठवी. मधलं सगळं गाळून आठवीत पोचलेला गल्लीतला दादा आम्हाला थोर वाटायचा. त्याने दुसरी-तिसरी दुनिया पाहिली का, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मग सायबर कॅफे आले. 'जीटीए वाइस सिटी' २००२ मध्ये प्लेस्टेशनवर निघाला, २००३ मध्ये संगणकावर आला आणि वर्ष-दोन वर्षांत अमरावतीच्या राजापेठेपासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत सगळीकडे पोचला. तेव्हा इंटरनेट असं चालायचं की मेल उघडेपर्यंत तासाचे पैसे संपत, म्हणून पोरं गेमकडे वळत. जीटीए ही मालिका स्कॉटलंडच्या डंडी शहरात १९९७ मध्ये जन्माला आली. पहिल्या दोन भागांत शहर वरून दिसायचं, माणसांची डोकी आणि गाड्यांचे टप. २००१ च्या तिसऱ्या भागात कॅमेरा जमिनीवर उतरला. वाइस सिटी हा मोजायला गेलं तर चौथा. पण वऱ्हाडात त्याला चौथा कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. गेमचं नाव वाइस सिटी, आडनावाची कुणी चौकशी केली नाही.

आणि खेळायचो तरी काय? 'पॅन्झर' अशी अक्षरं टाइप केली की रस्त्यात रणगाडा हजर. 'लीव्ह मी अलोन' लिहिलं की मागे लागलेले पोलीस घरी. हे शब्द कॅफेच्या टेबलांवर पेनने कोरलेले असत. मिशनच्या वाटेला मोजकेच लोक जात आणि त्यातले बरेचसे एका जागी अडकत. बांधकाम चाललेल्या इमारतीत खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवत नेऊन चार बॉम्ब ठेवायचे असतात, घड्याळ उलटं धावत असतं आणि मजूर हेलिकॉप्टरच्याच मागे लागतात. कितीतरी जणांची वाइस सिटी त्याच जिन्यात संपली.

गोष्ट कळण्याचा तर सवालच नव्हता. अकोल्याचा मे महिना, बाहेर पारा ४५ च्या वर, खोलीत अंधार, खिडकीत कूलर. तो कूलर असा गर्जायचा की पडद्यावरची माणसं काय बोलतात ते त्यांनाही ऐकू येत नसावं. ती इंग्रजीत बोलत, हा मुद्दा त्यानंतरचा. त्यातच लोडशेडिंगची वेळ भरायची. वाइस सिटीत मुक्कामी परत जाऊन फिरत्या गुलाबी कॅसेटवर उभं राहिल्याशिवाय गेम सेव्ह होत नसे. तिथे पोचण्याआधी लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. आमच्या पिढीला शेवटाचा अनुभव कमी, सुरुवातीचा मात्र दांडगा. आणि मागचे भाग न खेळल्यामुळे आपलं काही चुकतंय, असं त्या वेळी कुणालाही वाटलं नाही.

आपल्या परंपरेलाही मधूनच सुरुवात करण्याचं वावडं नाही. महाभारत कुठून सुरू होतं? आदिपर्वातच नमूद आहे की काही विद्वान ते मनूपासून शिकतात, काही आस्तिकाच्या आख्यानापासून, तर काही उपरिचर राजाच्या कथेपासून. एवढ्या मोठ्या ग्रंथाने पहिल्याच पर्वात तीन दारं उघडी ठेवली आणि कोणत्याही दारावर 'हेच मुख्य' अशी पाटी लावली नाही. आणि आमच्या वऱ्हाडाचं म्हणाल, तर २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी शेगावात गजानन महाराज लोकांच्या दृष्टीस पडले ते तरुण वयात. त्याआधी कुठे होते, कुणाचे होते, हे कुणाला ठाऊक नाही. दासगणूंच्या पोथीत २१ अध्याय झाले, तरी त्या आधीच्या भागावाचून वऱ्हाडाचं काही अडलं नाही.

मग प्रत्येक मालिकेला योग्य दार असतं की नाही? असतं, आणि ते कसं ओळखावं हे अमरावतीकराला शिकवायला नको. हावडा-मुंबई मुख्य लाईन अमरावतीत येत नाही, ती बडनेऱ्यावरून जाते. पाहुण्याला आम्ही फोनवर बजावतो, "बडनेऱ्याले उतरा, मंग ऑटोनं या." बडनेरा म्हणजे अमरावती नव्हे, हे बडनेऱ्यालाही मान्य आहे. पण तिथे गाड्या थांबतात, रात्री-बेरात्री ऑटो मिळतो आणि नवख्या माणसाला कुणी हसत नाही. अकोलेकरांना याचं हसू येतं, कारण त्यांचं स्टेशन मुख्य लाईनवर, गावातच. मारिओ हा अकोल्यासारखा. कुठल्याही डब्यातून उतरा, गावात आलात. पण बऱ्याच लांबलचक मालिका अमरावतीसारख्या असतात. त्यांचा बडनेरा शोधावा लागतो.

'याकुझा' मालिकेचं पाहा. पहिला भाग २००५ चा, आणि आज जाणते लोक नवख्याला बहुधा 'झिरो' हाती देतात, जो २०१५ मध्ये निघाला. त्याची गोष्ट १९८८ मधली. नायक तरुण, पुढची भांडणं अजून व्हायची आहेत, त्यामुळे कोण कुणाचा वैरी हे पाठ करून यावं लागत नाही. 'विचर'चं जग पोलिश कादंबऱ्यांवर उभं आहे, त्याचे दोन भाग आधी होऊन गेलेले, तरी बहुतेक लोक २०१५ च्या तिसऱ्यातून आत शिरले. कारण तो भाग आधी एका लहानशा खेड्याच्या परिसरात तुम्हाला फिरवतो, हात बसवतो, आणि मगच मोठं जग उघडतो. वाइस सिटीचा नायक तर पंधरा वर्षं तुरुंगात काढून थेट नव्या शहरात आलेला. रस्ते त्यालाही ठाऊक नाहीत. जिथे नायकच तुमच्याइतका नवखा असतो, तिथे खुशाल उतरावं. ही खूण मला तिन्ही पंथांच्या नियमांपेक्षा भरवशाची वाटते.

आणि पहिला भाग? तो सोडून द्यावा असं मी म्हणत नाही. फक्त त्याच्याकडे आवड लागल्यावर जावं. मालिकेवर जीव जडल्यावर जीटीएचं १९९७ चं ते वरून दिसणारं शहर पाहिलं, की त्यातले ओबडधोबड ठोकळेही ओळखीचे वाटतात. ज्याला तुम्ही ओळखतच नाही त्याच्या बालपणीचे फोटो कोण पाहील? शिवाय पहिला भाग बनवणाऱ्यांना तो पहिला आहे हे कुठे माहीत असतं! त्यांनी एक गेम बनवलेला असतो. दुसरा निघतो तेव्हा बिचारा पहिला होतो.

सल्ले ऐकता ऐकता माझ्या एक लक्षात आलं. भाचा मला जीटीएचा पाचवा भाग लावा म्हणतो, कारण तो संगणकावर आला तेव्हा हा सहावी-सातवीत होता. (त्यावर 'अठरा वर्षांवरील' असं छापलेलं असतं, ते आमच्या घरात कुणीही वाचलं नाही.) मी त्याला वाइस सिटीचे गोडवे ऐकवतो, कारण तेव्हा मी कॉलेजात होतो. क्रिकेटवेडे माझे मित्र अजूनही '२००७'चाच गेम लावतात. क्रिकेटच्या गेमची ती मालिका २००६ मध्ये निघालेल्या त्या भागावरच थांबली, आणि लोक वर्षानुवर्षं त्यातच नवे खेळाडू, नवे टी-शर्ट भरत राहिले. त्यांच्या लेखी तोच पहिला, तोच शेवटचा. मालिकेतला सर्वोत्तम भाग कोणता, या प्रश्नाला प्रत्येक जण स्वतःची जन्मतारीख सांगतो, फक्त जरा आडवळणाने.

तेव्हा कुणी ठासून म्हणालं की सुरुवात अमुकपासूनच करा, तर आधी त्याचं वय विचारा आणि मग ते तुमच्या वयाशी ताडून पाहा. आणि शेवटी कुठेतरी उतराच. उतराल तिथला भाग तुमच्यापुरता पहिला होईल, आणि पाच वर्षांनी तुम्हीही एखाद्या नवख्याला तोच तितक्याच ठामपणे सुचवाल. तेव्हा त्याने न विचारताही आपलं वय सांगून टाका.