हे काय, आलंच!

प्रत्येक वऱ्हाडी घरात असे एक भाऊजी असतात, ज्यांच्या हिशेबात जगातलं कुठलंही ठिकाण पाच मिनिटांच्या पलीकडे नसतं. आमचे भाऊजी रिसोडचे. वाशिमला आमच्याकडे यायचं असलं की आंघोळीला जाण्याआधी त्यांचा फोन येतो, ‘‘हे काय, आलोच!’’ आई त्यावर चहा ठेवत नाही; डाळ भिजत घालते.

कोरोनाच्या आधीच्या दिवाळीत पोरांनी हट्ट धरला, डोंगर आणि तळं दाखवा. तळ्यांना वाशिम जिल्ह्यात तोटा नाही. गावातच पद्मतीर्थ आहे, शिवेवर एकबुर्जी, कारंज्याला ऋषी तलाव. पण पायऱ्या चढून-उतरून घाम गाळावा असं तळं हवं, तर बुलडाणा जिल्ह्यात शिरून लोणारच गाठावं लागतं. नाव निघताच भाऊजी खुलले. ‘‘लोणार म्हणजे आपलं आंगण! रस्ता तर मले झोपेतही माहीत आहे.’’

गाडी चालवताना ते जागे होते, तिथेच घोटाळा झाला.

रिसोड सुटल्यावर त्यांनी डांबरी रस्ता सोडला. डांबरी रस्त्यानं काय, कोणीही जातं! सोयाबीन निघालेलं, तूर फुलोऱ्यात, आणि आमची गाडी एका धुऱ्यापाशी येऊन थांबलेली. पुढे फक्त एक बैल होता. तोसुद्धा आमच्याकडे ‘यांनाही भाऊजींनीच आणलं वाटतं’ अशा नजरेनं पाहत होता. ताई म्हणाली, ‘‘अहो, कोणाला तरी विचारा ना.’’ पण रस्ता विचारणं म्हणजे या जातीच्या माणसाला धोतर फिटल्यासारखं वाटतं. भाऊजींनी गाडी मागे घेतली आणि म्हणाले, ‘‘पोरायले तूर दाखवाची होती.’’

दुपार कलल्यावर लोणारच्या काठावर उभे राहिलो. खरं सांगतो, क्षणभर सगळेच गप्प झालो. उल्का आदळून झालेलं हे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, आणि खाली झाडीच्या कड्यात हिरवं पाणी. मध्ये नजरेला अडवायला काहीच नसल्यामुळे समोरचा काठ हात लांब केला तर लागेल असा वाटतो. ही जागा जणू भाऊजींसाठीच निर्माण झालेली. ‘‘हे काय, समोर तर दिसून राह्यलं! पाच मिन्टात खाली, पाच मिन्टात वर. डबे गाडीतच राहू द्या.’’

लोणारच्या वयावरून शास्त्रज्ञांचं अजून जमत नाही. एका मोजणीत ते सुमारे 52,000 वर्षं निघतं, तर दुसरीत साडेपाच लाखांच्या पुढे जातं. भाऊजींच्या पाच मिनिटांचंही तसंच आहे. कुठल्या पद्धतीनं मोजता त्यावर अवलंबून.

इथला डोंगर उलटा आहे. आधी उतरायचं आणि थकल्यावर चढायचं. धारेच्या गोमुखापाशी लोक आंघोळी करत होते, तिथून आम्ही उतरू लागलो. वाटेत भाऊजींनी माहिती दिली, की 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या सरोवराची नोंद केली. ‘‘रस्ता चुकूनच आला असंल,’’ असं त्यांनी वर जोडलं. चुकलेल्यांबद्दल त्यांना भारी जिव्हाळा.

खाली पाण्याला कुजका वास. लोणारचं पाणी भयंकर खारं. काठावर पांढुरकी खरपुडी धरलेली. कमळजा देवीच्या देवळाकडे पायवाट झाडीतून वळसा घेत जाते. भाऊजी थबकले. ‘‘गोल कायले फिरता? सरळ जाऊ.’’

‘‘भाऊजी, चिखल असेल...’’

‘‘काहून भेऊन राह्यला बे? कोरडं तर आहे!’’

तिसऱ्या पावलाला खरपुडी फुटली. डावा पाय घोट्यापर्यंत गेला. आम्ही दोघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा पाय आला, बूट राहिला. दिवाळीचा नवा, तपकिरी, लेसचा. बघता बघता काळ्या गाळानं तोंड मिटून घेतलं आणि वर दोन बुडबुडे आले. भाऊजी त्या जागेकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘तसा चावतच होता.’’

मग ताईनं हळदीकुंकवात मिळालेली कापडी पिशवी त्यांच्या पायाला बांधली. पिशवीवर ‘सौभाग्यवती भव’ असं छापलेलं होतं. पोटात कावळे, डबे वर गाडीत, आणि भाऊजी एका बुटात, एका पिशवीत पायऱ्या चढताहेत. समोरून पूजेचं ताट घेऊन एक आजी अनवाणी उतरत होत्या. त्यांनी पायाकडे पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, ‘‘नवस हाय काय भाऊ, एका पायाचा?’’

‘‘हाव,’’ भाऊजी म्हणाले, आणि देवळाच्या दिशेनं हात जोडले.

पुढे जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी भाऊजींचा फोन. ‘‘पाह्यलं का? तपकिरी रंग पाण्यात उतरला की गुलाबीच दिसते!’’

यंदा चिखलदऱ्याला जायचं ठरलंय. शक्कर तलाव, कालापाणी, सगळं चालत बघायचं. भाऊजींना एक आतला रस्ता माहीत आहे. काल ताईनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘‘तुझा एक जुना बूट टाक गाडीत. डावा.’’