सेंद्रिय डॉक्टर

आमच्या गावात डॉक्टर तीन. एक माणसांचा, एक जनावरांचा आणि एक सेंद्रिय. पहिल्या दोघांच्या दारात गर्दी असते. तिसऱ्याच्या दारात त्याचे आबा एकटेच बसलेले असतात, आणि आपला पोरगा नेमकं काय बरं करतो, हे कुणी विचारलं तर ते आधी तंबाखू मळायला घेतात.

गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. मी जवळच्याच एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. डॉक्टर आणि मी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. पुढं तो बारामतीला सायन्सला गेला, तिथून पुण्याला, मग पीएच.डी. केली; मी काट्यावर लागलो. त्याच्याकडे बावीस पेपर आहेत. माझ्याकडे एकच कागद आहे, पर्मनंटची ऑर्डर. गावात कुणाचा कागद भारी, हे वेगळं सांगायला नको.

हा प्राणी एकटा नाही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात दहा-बारा गावं फिरलात तर एक तरी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरही कंत्राटावर संशोधन करत फिरणारा, भेटेलच. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. वय तेहतीस ते अडतीस. पाठीवर कुठल्या तरी परिषदेत फुकट मिळालेली सॅक, तिच्यावर परदेशी शहराचं नाव आणि चार वर्षांपूर्वीचं साल. लग्नाच्या पंगतीतही मोबाईल काढून आपल्या पेपरला आज कुणी संदर्भ दिला का, ते बघणार. आणि ‘काय करतोस?’ विचारलं की उत्तराची सुरुवात ‘सध्या’ या शब्दानं करणार.

आमच्या डॉक्टरचा विषय ऑर्गॅनिक ऑप्टोइलेक्ट्रॉनिक डिव्हाइसेस. एवढंच म्हणून थांबला असता तर लोक घाबरून गप्प बसले असते. पण मराठीचा अभिमान आडवा आला आणि एका वर्षी यात्रेत, चारचौघांत त्यानं ऑर्गॅनिकचं ‘सेंद्रिय’ केलं. संपलं. बारामतीजवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ज्या तालुक्यातली निम्मी माणसं गांडूळखत बघून आलीत, तिथं सेंद्रिय शब्दाला एकच वास येतो. पुढच्याच महिन्यात शेतकरी मेळाव्याच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो झळकला आणि खाली विषय : ‘सेंद्रिय तंत्रज्ञान आणि ऊस’.

डॉक्टर गेला. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. तो गुण त्याच्या सगळ्या गाईडांनी पुरेपूर वापरलाय. त्यानं समजावलं की सेंद्रिय म्हणजे इथं शेणखत नव्हे, कार्बनचे रेणू. यातल्या काही रेणूंना वीज दिली की ते उजेड देतात, आणि काहींवर उजेड पडला की वीज मिळते. तुमच्या खिशातल्या भारी मोबाईलचा पडदा याच रेणूंचा. कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक या दोघांनी १९८७ साली असा दिवा करून दाखवला. मग होमो आणि ल्युमो नावाच्या दोन पायऱ्या असतात, इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडला की उजेड होतो, असं तो म्हणाला. आणि समोरचे चेहरे बघून त्यानं लगेच भाषा बदलली. “म्हणजे वरच्या चारीतलं पाणी खालच्या चारीत पडतं ना, तसं.” हे मात्र सगळ्यांना पटलं. मागून एकानं विचारलं, “पण टेलला पोचतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या. होमो हा शब्द तेवढा त्यांच्या कानात राहिला होता. होमिओपॅथीच्या गोळ्यांना साइड इफेक्ट नसतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं होतं.

गावाचंही चूक नाही. तालुक्यात विज्ञान म्हणजे काय, हे वालचंदनगरनं ठरवून टाकलंय. तिथं इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची आवरणं बनतात. ट्रेलरवर चढवून निघाली की रस्ता अडतो, पोरं धावत बघायला जातात. याला म्हणतात काम. आणि आमचा डॉक्टर करतो काय? इंचभर काच घेतो, तिच्यावर औषधाचा थेंब टाकतो, भिंगरीसारखी मिनिटभर फिरवतो आणि थर देतो शंभर नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीचे सातशे-आठशे भाग केले तर त्यातला एक. हे ऐकून त्याची आई म्हणाली होती, “धिरड्यावानीच की. पीठ जरा घट्ट झालं तर मधी कच्चं राहतं.” डॉक्टर उडालाच. थर जाड झाला की इलेक्ट्रॉन मध्येच अडकतात, हे कळायला त्याला पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं लागली होती.

ही सगळी कामं काचेच्या पेटीत चालतात. आत नायट्रोजन, ओल आणि ऑक्सिजन दहा लाखांत एक भागाच्याही खाली. पेटीला रबरी हातमोजे लावलेले. बाहेर उभं राहून आत हात घालायचे आणि काम करायचं. त्याचा तसला फोटो आबांनी बराच वेळ निरखला. मग समाधानानं म्हणाले, “म्हशीचं रेडकू आडलं की डॉक्टर आसाच हात घालतो.” तेव्हापासून पोरगा डॉक्टर आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही.

आबांचा आणि त्याच्या शास्त्राचा खरा मेळ बसला तो उताऱ्यावर, म्हणजे उसातून साखर किती टक्के निघते त्यावर. उजेडाचे शंभर भाग पडले तर त्यातून वीज किती निघते, याची टक्केवारी डॉक्टरच्या धंद्यात सगळ्यात मोठी. पीएच.डी. झाली तेव्हा त्यानं अभिमानानं सांगितलं, “आबा, माझी एफिशियन्सी साडेअकरा टक्के आली.” आबांनी माझ्याकडं बघितलं. मी काट्यावरचा माणूस, मी मान डोलावली. साडेअकरा उतारा म्हणजे चेष्टा नाही. सरकारची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला धरून ठरते. वरच्या प्रत्येक दशांशाला जादा पैसे. आबांनी त्या दिवशी पेढे वाटले. पुढं कोरियातून फोन आला की सतरा टक्के झाली, तेव्हा मात्र आबांना संशय आला. सतरा उतारा त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. रात्री घरी येऊन मला हळूच म्हणाले, “त्यो काटा तर मारत न्हाई ना रं तिकडं?”

कोरिया ही पोस्टडॉकची पंढरी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर पीएच.डी. केलेली कितीतरी पोरं दक्षिण कोरियात जाऊन आलीत. आमचा डॉक्टर त्यांच्याच मागनं गेला. दोन वर्षं भाताबरोबर आंबवलेला कोबी खाल्ला आणि एक गोष्ट घेऊन परत आला. ती तो कुणालाही सांगतो, अगदी एसटीत शेजारी बसलेल्याला सुद्धा. १९६७ साली टोकियोत शिराकावांच्या प्रयोगशाळेत कोरियाहून आलेल्या एका पाहुण्या संशोधकानं चुकून हजारपट उत्प्रेरक घातला आणि काळी भुकटी व्हायच्या जागी चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा तयार झाला. त्या धाग्यावरून पुढं वीज नेणारं प्लास्टिक निघालं आणि २००० साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. “बघ,” डॉक्टर बोट वर करून म्हणतो, “चूक कुणी केली? बाहेरून आलेल्या पाहुण्यानं. नोबेल कुणाला? घरच्यांना.” मी म्हणतो, “मग तू पण कर की एखादी हजारपट चूक.” तो म्हणतो, “औषधाचा ग्रॅम हजारो रुपयांचा असतो. हजारपट चुकायलाही ग्रँट लागते.”

ग्रँट म्हणजे आवर्तन. वर धरणातून सुटल्याचं पेपरात येतं, मधल्या गावांच्या विहिरी भरतात आणि टेलला येईतो पाटाचा तळ नुसता ओला होतो. त्याची फेलोशिप कधी सहा महिन्यांनी एकदम यायची, कधी ‘युटिलायझेशन सर्टिफिकेट’वर अडायची. तरी तो वैतागत नाही, जन्मच टेलचा. आमच्याकडे हंगामाला बीडकडची ऊसतोड येते. मुकादम, उचल, कोपी, पट्टा पडला की बिऱ्हाड उचलायचं. डॉक्टरचंही तेच. मुकादमाला तो पीआय म्हणतो, हंगामाला प्रोजेक्ट. आणि कोपी म्हणजे दोघांत एक गीझर असलेली खोली. फरक एवढाच की तोडवाल्याला उचल आधी मिळते.

हंगाम नसतो तेव्हा तो पेपर लिहितो. एकाच सौरघटाचा एकदा थर बदलला, एकदा द्रावक बदललं, एकदा तापमान बदललं. झाले सात पेपर. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, “मी बारामतीला शिकलोय. तिथं मोरोपंतांनी एकाच रामाची १०८ रामायणं रचली. त्यातल्या एकात तर ओठाला ओठ लागत नाही. माझी अजून एकशे एक बाकी आहेत.” यावर मी काय बोलणार? मोरोपंतांना बाबूजी नाईकांचा आश्रय होता, एवढं मात्र मी मनात म्हणालो.

तसा आश्रय शोधायला त्यानं इथंही दारं ठोठावून बघितली. एका कॉलेजात मुलाखत झाली. पेपर किती? बावीस. परदेशात होता? होतो. “छान,” साहेब म्हणाले, “नॅकच्या फायली करता येतात का?” शेवटी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, आठवड्याला काही तास आणि त्याचे पैसे मार्चनंतर बघू, इथवर गाडी आली. लग्नाच्या बाजारातही तेच. एका स्थळाकडून विचारणा झाली, “पर्मनंट हायत का?” आबा म्हणाले, “कॉन्ट्रॅक्टवर हाय, पण जागतिक पातळीवर.” पाव्हणे म्हणाले, “आमचा मोठा जावई बी कॉन्ट्रॅक्टवरच हाय, बारामती एमआयडीसीत. पण त्येचा पीएफ कापत्यात.” चहा पिऊन गेले ते गेले.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर घरीच होता, दोन हंगामांच्या मध्ये. रात्रभर जागून जगभर अर्ज करायचा. आबांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, “जागाच हाईस तर मोटार बी चालू करत जा.” त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची होती आणि योगायोग असा की रेंजही मोटारीच्या खोलीपाशीच यायची. त्यामुळे जर्मनीतल्या एका प्रोफेसरांनी त्यांच्या संध्याकाळी घेतलेली मुलाखत डॉक्टरनं आमच्या रात्री साडेदहाला स्टार्टरच्या पेटीला मोबाईल टेकवून दिली. वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि चिखल. मी बॅटरी धरून बाजूला उभा.

प्रोफेसर भला माणूस होता. विचारत होता, हा नीट सांगत होता. इतक्यात उसातून आबांची आरोळी आली, “आरं, दारं मोड! सरी फुटली!” डॉक्टरनं ‘वन मिनिट, सर’ म्हणत खोरं उचललं, टाय खांद्यावर टाकला, दारं मोडून परत आला. प्रोफेसरांनी विचारलं, सगळं ठीक ना? दम लागलेला डॉक्टर म्हणाला, “यस सर. फील्ड वर्क.” तेवढ्यात लाईट गेली. मोटार बंद, दिवा बंद. पलीकडे जर्मनीत त्या अंधारात फक्त डॉक्टरचं तोंड दिसत असणार, मोबाईलच्या पडद्याच्या, म्हणजे त्याच्याच सेंद्रिय रेणूंच्या उजेडात. याहून चांगलं प्रात्यक्षिक त्या प्रोफेसरांनी पाहिलं नसेल.

मुलाखत संपल्यावर आम्ही तिघं बांधावर बसलो. लाईट यायची वाट बघत आबांनी विचारलं, “काय इचारत हुता त्यो?”

“आमचे घट लवकर का मरतात, हे. शेजारच्या सोलर पंपाच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची वॉरंटी असते. आमचे पेटीतनं काढले की हवा लागते, ओल लागते, आणि एफिशियन्सी उतरायला लागते. लवकर सीलबंद केलं तरच टिकतात.”

“मग उसाचं काय येगळं हाय?” आबा म्हणाले. “तोडला की चोवीस तासांत काट्यावर जाया पायजे. न्हाईतर वजन बी घटतं आन् उतारा बी.” मग थोडा वेळ थांबून, “तुला आवंदा कितवं लागलं रं?”

“पस्तिसावं.”

आबा अंधारात सरीकडं बघत राहिले. “म्हंजे तोडून ठिवल्याला लई दिस झालं की.”

आधी मी हसलो नाही. मग डॉक्टरच हसला, आणि मग आम्ही तिघंही हसत बसलो, लाईट येईपर्यंत.

पत्र आलं. दोन वर्षं, पुढं वाढू शकेल. आबांनी भाषांतर केलं, “दोन गाळपं.” जायच्या आदल्या दिवशी डॉक्टर बॅग घेऊन माझ्या काट्यावर आला. विमानात तेवीस किलोच चालतं म्हणाला, मोजून दे. उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये ती बॅग एवढ्या मोठ्या काट्यावर ठेवली. आमचा काटा दहा-दहा किलोनं सरकतो. आधी २० दाखवलं; आईनं चटणीचा डबा आणखी घातला, तर ३०. तेवीस त्याला येतच नाही. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला.

डॉक्टरनं बॅग उचलली. खोलीच्या कपाळावरचे लाल आकडे शून्यावर गेले. तो त्यांच्याकडं टक लावून बघत होता.

“किती वर्षं झाली रे या डिस्प्लेला?”

“मी लागलो तेव्हापासून हाय. कधी बिघडला नाही.”

“हां,” माझ्याकडं एकदा आणि आकड्यांकडं एकदा बघून तो म्हणाला, “असेंद्रिय आहे. टिकणारच.”