उडती गाडी राहू द्या, तीन तासांचं बोला

‘कुठे आहे आमची उडती गाडी?’ हा प्रश्न विचारणं आता थांबवा. ‘द जेटसन्स’ या जुन्या अमेरिकन कार्टून मालिकेची आठवण निघाली की साठी ओलांडलेला अमेरिकन माणूस हेच विचारतो आणि चाळिशीतला आपला डोंबिवलीकरही हेच विचारतो. मग यादी सुरू होते. व्हिडिओ कॉल आला, भिंतीवरचा सपाट टीव्ही आला, घरभर आपोआप फिरणारा झाडू आला, मनगटावरचं घड्याळ बोलायला लागलं. जेटपॅक राहिला, उडती गाडी राहिली. कार्टूनला भविष्याच्या परीक्षेत गुण देऊन सगळे समाधानाने उठतात.

या यादीचा मला राग येतो. जी मालिका आपली लाडकी आहे असं आपण म्हणतो, ती आपण नीट पाहिलेलीच नाही. तिने दिलेलं सर्वांत मोठं वचन वेळेचं होतं. त्याची चौकशी कोणीच करत नाही.

जॉर्ज जेटसन कामावर किती वेळ असतो, आठवून पाहा. आकडा भागागणिक हलतो. कुठे दिवसाला तीन तास, कुठे आठवड्यात मिळून दोनच. स्पेसलीसाहेबांच्या कारखान्यात खुर्चीवर रेलून तो एक बटण दाबतो. घरी येतो तेव्हा बोट दुखत असतं आणि बायको, जेन, मनापासून हळहळते. १९६२ च्या प्रेक्षकाला त्या हळहळण्याचं हसू यायचं. पण ते हसू कशावर उभं होतं? शंभर वर्षांनी माणसाला काम इतकं थोडं उरेल की दोन तासही जड वाटतील, यावर. ही गोष्ट लेखकांना पटवून द्यावी लागली नाही. समोर बसलेल्या बापाला ती आधीच पटलेली होती.

का पटलेली होती? कारण तीस वर्षं तो तेच ऐकत आला होता. जॉन मेनार्ड केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३० मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांत माणूस दिवसाला तीन तास, आठवड्याला पंधरा तास काम करील. त्याच वर्षी मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी केलॉगच्या कारखान्याने सहा तासांची पाळी सुरू केली. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने आठवड्याला तीस तासांचं विधेयक मंजूरही केलं. त्याचा कायदा झाला नाही, ही गोष्ट वेगळी. आणि १९५६ मध्ये उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन प्रचारसभेत सांगत होते की चार दिवसांचा आठवडा फार दूर नाही. निक्सन! कामगारांचा कैवारी म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. त्यांनाही हे बोलावं लागलं, इतकी ती अपेक्षा सर्वमान्य होती. मालिका बनवणाऱ्या हॅना-बार्बेराच्या चमूने जॉर्जचं वेळापत्रक हवेतून काढलं नव्हतं. लोकांच्या मनात होतं, ते त्यांनी रंगवलं.

१९६२ चा अमेरिकन मूडच तसा होता. फेब्रुवारीत अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीला तीन फेऱ्या मारून आला. एप्रिलमध्ये सिएटलचं जागतिक प्रदर्शन उघडलं आणि तिथे स्पेस नीडल हा मनोरा उभा राहिला. जेटसन्सच्या आकाशातली खांबांवरची घरं त्याच्याच गोतावळ्यातली वाटतात. १२ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात चंद्रावर जाण्याचं भाषण केलं आणि अकराच दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या रविवारी संध्याकाळी, एबीसी वाहिनीवर जेटसन्सचा पहिला भाग लागला. त्या वाहिनीचा हा पहिला रंगीत कार्यक्रम. रंगीत संच मात्र मोजक्याच घरांत होते, त्यामुळे बहुतेक मुलांनी ते झगझगीत भविष्य काळ्या-पांढऱ्यात पाहिलं. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर डिस्नेचा कार्यक्रम होता. चोवीस भागांत मालिका गुंडाळली गेली.

पुढे ते चोवीस भाग शनिवार सकाळी पुन्हा पुन्हा लागले आणि मुलांनी ते पाठ केले. त्या पाठांतराने आठवणींत भरही घातली. रोझी ही यंत्रमानव मोलकरीण प्रत्येक भागात होती असं सगळे शपथेवर सांगतात. पहिल्या मोसमात ती मोजक्याच भागांत आहे.

आठवणींनी जे गाळलं ते याहून गंभीर आहे. पहिला भाग लागल्याच्या पुढच्याच रविवारी, ३० सप्टेंबरच्या रात्री, मिसिसिपी विद्यापीठात दंगल उसळली. कारण एवढंच की जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला तिथे प्रवेश हवा होता. दोन माणसं मारली गेली. जेटसन्सच्या ऑर्बिट सिटीत कृष्णवर्णीय कुटुंब शोधून पाहा, सापडणार नाही. ज्या भविष्यात कुत्रा बोलतो आणि यंत्र घर सांभाळतं, तिथे शेजारी मात्र सगळे गोरे. ‘तो काळच तसा होता’ म्हणून मी हे सोडून देणार नाही. मेरेडिथही त्याच काळातला होता.

महिना होत आला नाही तोच, २२ ऑक्टोबरला, केनेडी टीव्हीवर आले आणि क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांबद्दल बोलले. अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली कसं लपायचं, हे अमेरिकन मुलांना शाळेत शिकवलं जात होतं. पुढचा रविवार उजाडेल की नाही याची मोठ्यांनाच खात्री नव्हती. त्या आठवड्यांत एक कार्टून मुलांना २०६२ सालचं जेवणाचं टेबल दाखवत होतं. आईबाप, दोन मुलं, एक कुत्रा, सगळे जिवंत आणि संध्याकाळी घरी. मला हे फार मोलाचं वाटतं. जेटसन्सवर माझं प्रेम आहे ते या टेबलासाठी.

जपानी मुलांचं अवकाशयुग वेगळ्या चेहऱ्याचं होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त धीट होतं. १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ सुरू झाला. हिरोशिमाला अठरा वर्षंही झाली नव्हती आणि त्या देशाचा लाडका नायक होता अणुशक्तीवर चालणारा लहान मुलगा. मेलेल्या मुलाच्या जागी शास्त्रज्ञ बाप त्याला बनवतो. यंत्राचा मुलगा वाढत नाही म्हणून बाप चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो. जेटसन्सने विचारलं, यंत्रांनी काम केलं तर माणसाला किती मोकळा वेळ मिळेल? तेझुकांनी विचारलं, राबणाऱ्या यंत्राला हक्क आहेत की नाहीत? दोन्ही कार्टूनं श्रमाबद्दल बोलत होती. लहान मुलांच्या कार्यक्रमांकडून याहून मोठी अपेक्षा ती काय ठेवायची?

आपल्याकडे हे फार उशिरा आलं. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १४ डिसेंबरला, अपोलो १७ चे अंतराळवीर चंद्रावरून निघाले आणि आजवर तिथे पुन्हा कोणी पाऊल ठेवलेलं नाही. मराठी घरात टीव्ही येईपर्यंत चांद्रयुग संपत आलं होतं. जेटसन्स आपल्याला भेटले ते केबल आल्यावर, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं तेव्हा. म्हणजे तेहतीस वर्षांनी. बाकाखाली लपणं आपल्या वाट्याला आलं नाही, मिसिसिपी आपल्याला माहीत नव्हतं. आपल्याला मिळाली फक्त चकचकीत काचेची घरं. आपल्या पिढीने उडती गाडीच तेवढी लक्षात ठेवली, यात आश्चर्य नाही.

पण त्या मधल्या तेहतीस वर्षांत वचनाचं काय झालं, ते पाहा. बॅटल क्रीकमध्ये सहा तासांची शेवटची पाळी बंद झाली १९८५ मध्ये. त्याच वर्षी जेटसन्सचे नवे भाग आले. पडद्यावर जॉर्ज अजून बटणं दाबत लवकर घरी येत होता आणि गावातला कामगार आठ तासांवर परतला होता.

जॉर्जला आवाज देणारे जॉर्ज ओ’हॅनलन तोवर आजारी होते. पक्षाघाताने वाचता येईना, तेव्हा एकेक ओळ कानाशी वाचून दाखवायची आणि मग त्यांनी ती म्हणायची, असं ध्वनिमुद्रण चालायचं. ‘जेटसन्स’वरच्या चित्रपटाचं काम चालू असतानाच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ते गेले. १९९० मध्ये चित्रपट आला त्यात आणखी एक अन्याय झाला. जॉर्जच्या मुलीला, ज्यूडीला, १९६२ पासून आवाज देणाऱ्या जॅनेट वॉल्डो यांचं झालेलं काम काढून टाकलं आणि एका तरुण पॉप गायिकेचा आवाज घातला. नाव मोठं हवं होतं, बस्स. आठवणींचा धंदा करणारे आठवणीतल्या माणसांशी असे वागतात.

मालिकेची अखेरची श्रेयनामावली आठवते? जॉर्ज कुत्र्याला फिरवायला सरकत्या पट्ट्यावर उभा राहतो, पट्टा वेग घेतो, कुत्रा उडी मारून बाजूला होतो आणि जॉर्ज गरगर फिरत बायकोला हाका मारत राहतो. तीन तासांचं सुख दाखवणाऱ्यांनी प्रत्येक भागाच्या शेवटी हेही दाखवलं. यंत्र माणसाला मोकळं करतं तसं अडकवूनही ठेवतं, आणि बटण कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. कारखान्याचं बटण जॉर्ज दाबायचा, कारखाना स्पेसलीचा होता.

व्हिडिओ कॉल आला तो रात्री साडेनऊच्या मीटिंगसाठी. मनगटावरचं घड्याळ बोलायला लागलं ते जेवताना साहेबाचा निरोप दाखवायला. जेटसन्सच्या घरातली यंत्रं आपल्याला मिळाली आणि त्यांनी वाचवलेले तास दुसऱ्यांनी नेले. वर आपल्याकडचे बडे उद्योगपती आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करा म्हणून उपदेश करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. दुकानं आणि आस्थापनांत ९ वरून १० तास. कारखान्यांत जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती लागेल, जादा कामाचे दुप्पट पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. नोकरी टिकवायची असलेला माणूस संमती देतोच.

मुलांना जेटसन्सचे जुने भाग जरूर दाखवा. गाडीची घडी होऊन तिची ब्रीफकेस होते तिथे टाळ्या वाजवू द्या. पण जॉर्ज घरी येतो तिथे थांबवा आणि सांगा, हा माणूस दोन-तीन तास काम करून परत आला आहे, आणि तेवढ्यात त्याचं घर चालतं. मग पुढच्या वेळी मतं मागायला येणाऱ्याला उडत्या गाडीबद्दल काही विचारू नका. तास वाढवायला मंजुरी दिलीत, कमी करायला कधी देणार, एवढंच विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.