बाल्फरबाई आणि मी

“तू वकील व्हायला हवी होतीस,” हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की पन्नाशीपर्यंत मी स्वतःला मनातल्या मनात सनद देऊनही टाकली होती. आईनं हे म्हटलं तेव्हा भावाला नवी सायकल आणि मला त्याची जुनी, यामागचं तत्त्व काय, असं मी तिला विचारलं होतं. सासूबाईंनी म्हटलं तेव्हा हरतालिकेच्या उपासात नवऱ्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, एवढीच माहिती मागितली होती. आणि सोसायटीच्या चेअरमननी भर सर्वसाधारण सभेत म्हटलं तेव्हा पार्किंगच्या भांडणात मी पिशवीतून उपविधींची पुस्तिका काढली होती, पानोपानी खुणेला बसची तिकिटं घातलेली.

त्यामुळे मुलगी नोकरीला लागली, घरात वाद घालायला एक माणूस कमी झालं, आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.ला वयाची अट नसते असं कळलं, तेव्हा मी ती ईश्वरी योजना समजले. बार कौन्सिलनं तिशीची मर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्थगिती दिली. पदवीला ४५ टक्के लागतात, ते माझ्या बी.कॉम.ला होते. म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय माझ्यासाठी दार उघडं ठेवून बसलेलं, आणि मी इकडे गवार मोडतेय! मध्ये आडवी होती ती फक्त सीईटी. १२० प्रश्न, दोन तास, आणि उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. पूर्वी दीडशे प्रश्न असायचे म्हणे. मी येणार म्हणून त्यांनी कमी केले असावेत.

शिवाय मी नाशिकची. नाशिकची म्हणजे कॉर्नेलिया सोराबजींच्या गावची. १८६६ साली जन्मलेल्या या बाईंनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडली ती १९२२ साली, आणि बायकांना वकिली करू देणारा कायदा आपल्याकडे आला १९२३ साली. “या वयात आता कशाला?” असं कोणी विचारलं की मी लगेच कॉर्नेलियाबाईंचा दाखला देत असे. त्यांना थोपवून धरायला अख्खं ब्रिटिश साम्राज्य लागलं होतं आणि मला दुपारची झोप पुरली होती, हा तपशील मात्र सांगायचा राहून जाई.

अभ्यासाची सुरुवात झोकात झाली. ह्यांनी पहिल्याच दिवशी पेपरवरून नजर न काढता विचारलं, “भारताचे सरन्यायाधीश कोण?” मी शाळेत पाठ केलेलं नाव ठोकून दिलं, “चंद्रचूड!” हे थक्क झाले. हे थोरल्या चंद्रचूडांचं नाव होतं, ते १९८५ सालीच निवृत्त झाले, आणि आता त्यांचे चिरंजीव त्या खुर्चीवर आहेत, हे मला नंतर कळलं. पण उत्तर बरोबर ते बरोबर. दुर्दैवानं सामान्य ज्ञानातलं माझं हे एकमेव हुकमी उत्तर नोव्हेंबर २०२४ मध्ये निवृत्त झालं.

गाइड मी रविवार कारंज्याजवळ जुनं घेतलं, अर्ध्या किमतीत. त्यात खून कलम ३०२ खाली होत होता आणि फसवणूक ४२० खाली. पाठ करून झाल्यावर अभ्यासिकेतल्या एका मुलीनं हळूच सांगितलं, की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खून आता १०३ मध्ये गेला आणि फसवणूक ३१८ मध्ये. इतकी वर्षं ज्यांना मी मनोमन चारसोबीस म्हणत आले, त्या सगळ्या माणसांची मला नव्यानं मांडणी करावी लागली.

अभ्यासिकेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथली मुलं उठून उभी राहिली. त्यांना मी संचालकांची आई वाटले. मग ‘मॅडम’ झाले, आणि मी डब्यातून थालीपीठ नेल्यावर ‘काकू’. त्यांनी मला काही गोष्टी शिकवल्या ज्या गाइडात नव्हत्या. उदाहरणार्थ, शेवटची पाच मिनिटं राहिली की न सोडवलेल्या सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून ‘सी’ ठोकायचं. मी म्हटलं, हे काही बरोबर नाही. एक मुलगा म्हणाला, “काकू, चुकीचंही नाही. मायनस मार्किंगच नाही.” हा पुढे फौजदारीत नाव काढणार.

सराव परीक्षांत इंग्रजी बरं गेलं. दिशा आणि अंतरांच्या गणितात माझा माणूस पूर्वेला निघून कायम गंगापूर धरणात पोहोचायचा, पण तेही सुधारलं. सगळ्यांत कमी गुण पडायचे ते कायद्याच्या प्रश्नांत. म्हणजे जिथे मी जन्मजात वकील होते, तिथेच.

त्या प्रश्नांची रीत अशी: आधी एक तत्त्व देतात, मग एक घटना, आणि तत्त्व घटनेला लावून उत्तर निवडायचं. तत्त्व पटलं नाही तरी ते खरं मानायचं. आपलं मत, माणुसकी, शेजारणीचा अनुभव, सगळं चपलांबरोबर बाहेर ठेवायचं. आता मला सांगा, १९१३ सालच्या त्या लालमन शुक्लाच्या खटल्यात हे कसं जमावं? मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला, म्हणून मुनीम हरिद्वारकडे शोधायला गेला. मागाहून मालकानं ५०१ रुपयांचं बक्षीस लावलं. मुनीमजींनी पोरगा शोधून काढला. बक्षीस? नाही! शोधताना त्यांना बक्षीस माहीतच नव्हतं; जो प्रस्ताव माहीत नाही तो स्वीकारणार कसा? मी दर वेळी मुनीमजींना ५०१ रुपये द्यायचे. दर वेळी फुली. ‘सी’वाला मुलगा म्हणाला, “काकू, तुम्ही न्याय करायला जाता. इथे फक्त उत्तर द्यायचंय.”

आणि मग मला बाल्फरबाई भेटल्या.

इथून पुढे मला अडवू नका. घरात सगळ्यांनी अडवून पाहिलं आहे.

मिस्टर बाल्फर सिलोनमध्ये पाटबंधारे खात्यात मोठे साहेब होते. १९१५ साली नवरा-बायको रजेवर इंग्लंडला आले. बाईंना संधिवात. डॉक्टर म्हणाले, तिकडची हवा मानवणार नाही, इथेच राहा. १९१६ च्या ऑगस्टमध्ये साहेब बोटीवर चढले, आणि जाताना शब्द देऊन गेले, की दरमहा ३० पौंड पाठवीन. पुढे त्यांनी कळवलं की आपण वेगळंच राहिलेलं बरं. पैसे थांबले. बाई कोर्टात गेल्या आणि चक्क जिंकल्या. पण १९१९ साली अपिलात हरल्या. न्यायमूर्तींपैकी अ‍ॅटकिन साहेबांचं म्हणणं असं, की नवरा-बायको एकमेकांना जे शब्द देतात तो करार नव्हेच. कायद्यानं बांधून घ्यावं असा दोघांचा हेतूच नसतो. आणि असले दावे घ्यायचे म्हटले तर छोटी कोर्टं शंभर पट वाढवावी लागतील.

शंभर पट! म्हणजे नवरे शब्द पाळत नाहीत, हे अपील न्यायालयाला पक्कं ठाऊक होतं. फक्त जागेची अडचण होती.

बरं, हे अ‍ॅटकिन साहेब कोण? तेच, ज्यांनी पुढे १९३२ साली गोगलगाईचा खटला अजरामर केला. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईला मैत्रिणीनं जिंजर बिअर पाजली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, बाई आजारी पडली. बाटली तिनं विकत घेतली नव्हती, तिचा कंपनीशी करार नव्हता; तरीही अ‍ॅटकिन म्हणाले, तुमच्या कृतीची झळ ज्याला पोहोचेल असं सहज दिसतं, तो तुमचा शेजारी, आणि शेजाऱ्याची काळजी घेणं तुमचं कर्तव्य आहे. जगभरची विधी महाविद्यालयं हे वाक्य पूजतात. मीही पूजते. पण भांडी घासताना माझ्या मनात येतंच, की बाल्फरबाईंनी नवऱ्याऐवजी शेजाऱ्याशी लग्न केलं असतं तर?

ह्या गोष्टीचा मला राग यायला एक घरगुती कारण होतं. परीक्षा होईपर्यंत रात्रीचा स्वयंपाक आपण करू, असा शब्द ह्यांनी दिला होता. आठवडाभर पाळलाही. मुगाची खिचडी, मसुराची खिचडी, मग ‘काहीतरी वेगळं’ म्हणून तुरीची खिचडी. मग ऑफिसात ऑडिट सुरू झालं. मी बाल्फर प्रकरण पूर्ण वाचून दाखवलं आणि म्हटलं, म्हणून मला हे लेखी हवं. ह्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “शंभराचा स्टॅम्प बंद झालाय. आता पाचशेचा लागतो. त्यापेक्षा मी भाजी चिरतो.” आणि चिरायला बसले. दुधी होता. फोडी इतक्या एकसारख्या की प्रत्येकीवर सही-शिक्का मारावा. साडेनऊ वाजले तरी निम्मा दुधी व्हायचा होता, आणि त्या वेळात माझे दोन उतारे वाचून झाले. बाल्फरबाईंना हे सांगायला हवं, असं मला वाटून गेलं.

त्या रात्री मात्र आणखीही एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती मला आवडली नाही. मला वकील व्हायला सांगणाऱ्या त्या सगळ्या माणसांपैकी एकानंही कधी लॉ कॉलेजचा अर्ज आणून दिला नव्हता. वडिलांनी मला बी.कॉम.ला घातलं, कारण ते कॉलेज घरापासून चालत जाण्यासारखं होतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जेव्हा जेव्हा कोणाकडे नसे, तेव्हा तेव्हा मला हे प्रशस्तिपत्र मिळे; आणि मी ते घेऊन, खूश होऊन, गप्प बसत असे. सायकल जुनीच राहिली. उपास चालूच राहिले. पार्किंगही, खरं सांगायचं तर, चेअरमनकडेच आहे.

असो. परीक्षा मे महिन्यात. केंद्र गावाबाहेरच्या एका कॉलेजात, पारा चाळिशीच्या घरात. फाटकाशी तपासणाऱ्या बाईनं हॉलतिकीट पाहिलं, मला पाहिलं आणि सांगितलं, “पालकांनी बाहेर थांबायचंय.” आत पडद्यावर प्रश्नांचे चौकोन: सोडवला की हिरवा, बघून सोडला की लाल, ‘पुन्हा पाहीन’ म्हटलं की जांभळा. प्रश्न मराठीतही येतात आणि इंग्रजीतही; मी आधी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत त्यांनी वेगळं काही म्हटलंय का ते तपासायची. तासाभरात माझा पडदा पिकल्या जांभळीखालच्या अंगणासारखा झाला. एका प्रश्नात कुणा काकांनी पुतण्याला घड्याळ द्यायचा शब्द दिला होता आणि दिलं नाही. तत्त्व माहीत होतं, उत्तरही माहीत होतं. काका नालायक आहेत, असा पर्याय नव्हता. मी अ‍ॅटकिनचं स्मरण करून काकांना सोडून दिलं. शेवटी घड्याळात पाच मिनिटं उरली आणि मी डोळे मिटले. ‘सी’, ‘सी’, ‘सी’.

निकालात गुण नसतात, पर्सेंटाइल असतं. वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांचा मेळ घालायला ते तसं करतात. ८१ पर्सेंटाइल म्हणजे ८१ टक्के नव्हेत, हे मी शेजारणीला समजावून सांगणार होते. पण ती पेढे घेऊन आली होती, आणि पेढे हातात असणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

प्रवेशाच्या पडताळणीत अर्ज अडकला. पदवीवरची मी आणि आधार कार्डावरची मी यांच्यात जन्मतारीख सोडली तर कागदोपत्री काहीच नातं नव्हतं. वडिलांचं नाव आणि आडनाव तर गेलंच होतं, पण माझं स्वतःचं नावही सासरी बदललं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या एका वेळी मी काहीही विचारलं नव्हतं. आता राजपत्र आणा, नाहीतर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. आमचं लग्न मंगल कार्यालयात झालं होतं, पाचशे पान उठलं होतं, पण नोंदणी? ती करायची असते हेच कोणाला सुचलं नव्हतं. कायद्याच्या पदवीसाठी मला आधी कायद्यानं लग्न करणं भाग होतं.

माळ्यावरच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका निघाली, हळदीचं बोट लावलेली. भटजी देवाघरी गेलेले, त्यांच्या सहीच्या जागी प्रतिज्ञापत्र. तीन साक्षीदार हवे होते. दीर, भाऊ आणि वन्सं, तिघंही इस्त्रीचे कपडे घालून महापालिकेत हजर. वन्सं तर गजरा माळून आल्या होत्या. ह्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, “आधी नीट वाच. मग मी सही करतो.” मी वाचला. तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी तारीख पाहिली, मग आम्हा दोघांचे केस पाहिले आणि विचारलं, “अहो, इतकी वर्षं नोंदणी का नाही केली?”

“वाद चालू होता,” हे म्हणाले.

“मिटला?”

“नाही. पण हिच्या ॲडमिशनची शुक्रवारी शेवटची तारीख आहे.”