डोंगर कमावतो, घोडा खातो

आमच्या धंद्याचा हिशेब बायको ठेवते. वहीत दोन रकाने आहेत. जमेच्या बाजूला ‘डोंगर’ आणि खर्चाच्या बाजूला ‘घोडा’. मी निसर्गचित्रं रंगवून विकतो आणि आलेल्या पैशातून घोड्याच्या शरीररचनेची छापचित्रं काढायला जस्ताचे पत्रे, अ‍ॅसिड, शाई आणि जाडजूड कागद आणतो. घोडाही कधीमधी खपतो, नाही असं नाही. पण ती रक्कम ती ‘किरकोळ’मध्ये टाकते, रद्दीच्या खाली.

दुकान म्हणाल तर जहांगीर कलादालनाबाहेरचा फूटपाथ. आत भिंत मिळायला काही वर्षं थांबावं लागतं, बाहेर फक्त डोंबिवलीहून लवकरची गाडी पकडावी लागते. निसर्गचित्रं काखेत मारून लोकलमध्ये शिरलं की लोक ‘सांभाळून, चित्र आहे’ म्हणून जागा करून देतात. घोड्याचा सांगाडा वरच्या बाजूला असला तर जास्त जागा देतात. घोड्याचा तेवढा उपयोग बायकोनेही मान्य केला आहे.

आणि परिसर कुठला, तर काळा घोडा. इथे १८७९ साली पुतळा बसवला तो प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे जो सातवा एडवर्ड झाला त्याचा. ससून शेटजींनी पदरचे पैसे घातले. राजपुत्र कडक बसला होता. मुंबईकरांनी खालून वर पाहिलं आणि जागेला नाव दिलं ते घोड्याचं. १९६५ साली स्वारासकट घोडा भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. त्यानंतर पन्नासेक वर्षं इथे घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाले ‘काला घोडा’ म्हटलं की बरोबर इथेच आणून सोडायचे. २०१७ साली नवा घोडा आला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. माझ्या मते या शहराने आजवर केलेली ही सर्वांत नेमकी कलासमीक्षा आहे. एवढ्या अश्वप्रेमी ठिकाणी माझा घोडा खपत नाही, याचं कारण त्याला कातडी नाही.

आधी डोंगराचं सांगतो, म्हणजे भाकरी कुठून येते ते कळेल.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी निसर्गचित्र काढलेलं असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर एक झोपडी, झोपडीपेक्षा तिप्पट उंच नारळाचं झाड आणि आकाशात उडणारे मराठी चारचे आकडे. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेला असेल तर झोपडीच्या दारात घागर घेतलेली बाईसुद्धा. त्यामुळे निसर्गचित्राच्या बाबतीत प्रत्येक गिऱ्हाईक जाणकार असतं. खरी अडचण अशी की सह्याद्रीला त्रिकोण फारसे माहीत नाहीत. तो लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. त्याचं अंग पायऱ्यापायऱ्यांचं आणि बऱ्याच ठिकाणी डोकं सपाट. मी एकदा हरिश्चंद्रगडाच्या बाजूची अशीच एक सपाट डोक्याची रांग इमानाने रंगवली. एका गृहस्थांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि आपुलकीने विचारलं, “वरचं राहिलंय का अजून?”

तेव्हापासून मी इमान घोड्यासाठी राखून ठेवलं. डोंगर हवा तिथे हलतो. झाड मध्ये येत असेल तर तोडतो, वनखात्याला विचारत नाही. मनाने रचलेला एक घाट मी महाबळेश्वरचा म्हणून विकला आहे, आंबोलीचा म्हणून विकला आहे, आणि चिपळूणच्या एका काकूंना तो परशुरामाचा घाट वाटला म्हणून तसाही विकला आहे. मी स्वतःहून काहीच म्हणत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “हे आपलं अमुक ना?” मी मान हलवतो. आपल्याकडे मान हलवण्याचे बरेच अर्थ होतात.

सूर्याचा प्रश्न मात्र नाजूक असतो. हल्ली घरात मावळता सूर्य लावत नाहीत. वास्तूला चालत नाही म्हणे. “उगवता आहे ना हा?” असं विचारलं, की मी उगवता म्हणतो. रंगाच्या डबीत दोघांची नारिंगी एकच. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर बसून रंगवलेला, अरबी समुद्रातून उगवणारा सूर्य मी एका गृहनिर्माण सोसायटीच्या चेअरमनना विकला. तो त्यांनी कार्यालयात टेबलामागे लावला आहे. सोसायटीत भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात असं कळल्यापासून मी त्या गल्लीने जात नाही.

घोड्याबाबत यातलं काही चालत नाही. डोंगर चार बोटं सरकवला तर कुणाचं काही अडत नाही, घोड्याचं एक हाड सरकलं तर तो लंगडा होतो. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, एवढं मोठं धूड खांद्याच्या दोन पात्यांमध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत लोंबकळत असतं. पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट. त्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, सगळा कारभार लांबलांब कंडरांवर. आणि सगळ्यात शेवटी खूर, म्हणजे मधल्या बोटाचं नख. मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या त्या भीमथडी तट्टांच्या मधल्या बोटांच्या नखांवर, ही गोष्ट मी एका इतिहासप्रेमी गिऱ्हाइकाला मोठ्या कौतुकाने सांगितली. पणजोबा सरदारांच्या पागेत होते, असं ते नुकतेच सांगत होते. त्यांनी सांगाड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमच्याकडचे घोडे असे नव्हते.”

फूटपाथवर परीक्षक मात्र पक्के भेटतात. रेसकोर्सच्या तबेल्यात उमर घालवलेला एक म्हातारा रोज दुपारी इथून जायचा. एके दिवशी थांबला, घोड्याच्या फासळ्या बोटाने मोजल्या आणि जाहीर केलं, “सतरा. एक खाल्लीस.” घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या असतात, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी त्याला खांद्याचं पातं दाखवलं, पहिली त्याच्याआड होती. त्याने खिशातून चष्मा काढून ती शोधली. मग काहीही न बोलता मला चहा पाजला. विकत काही घेतलं नाही, पण त्या चहाची नोंद मी वहीत घोड्याच्या नावाने जमा करायला लावली. खूप वाद झाला.

बाकीच्यांना हवे असतात सात घोडे. सात, पांढरे, पाण्यातून उधळत येणारे, आणि तोंडं घराच्या आत. बाहेर असली तर पैसा बाहेर जातो. दिवसातून एकदा तरी हा संवाद होतोच.

“सात पांढरे घोडे आहेत का?”

“एक आहे. आणि त्याला कातडी नाही.”

“म्हणजे रंग कुठला?”

“आतून सगळे सारखेच.”

त्या सात घोड्यांवर माझा व्यावसायिक राग आहेच, पण शास्त्रीय आक्षेपही आहे. त्यातले निम्मे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून हवेत तरंगत असतात. धावणारा घोडा असा कधीच होत नाही. मोठमोठ्या चित्रकारांनीही घोडे असेच उडवले. फ्रान्सच्या जेरिकोने १८२१ साली एप्समची शर्यत रंगवली, तिच्यातले सगळे असेच पोटावर पोहताहेत. मग १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने एकापुढे एक कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं निघालं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. बातमी जगभर गेली. आपल्या फ्रेमवाल्यांपर्यंत ती अजून यायची आहे.

दुसरा घोळ छापचित्राचा. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा कोरायच्या, पत्रा अ‍ॅसिडात बुडवायचा, खाल्ल्या गेलेल्या रेघांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबयंत्रातून छाप काढायचा. पत्र्यामागे मी पंचवीसच छाप काढतो आणि प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घालतो. “प्रिंट आहे” म्हटलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. “झेरॉक्सचे एवढे?” एका शाळकरी मुलीने खालच्या कोपऱ्यातलं ३/२५ वाचून आईला हळूच सांगितलं, “आई, यांना पंचवीसपैकी तीनच मार्क पडलेत.” आईने कनवाळूपणे एक छोटा डोंगर घेतला.

अ‍ॅसिडचं काम घरी बाल्कनीत चालतं. आमच्या भागात उग्र वास आला की लोक आधी कारखान्यांच्या दिशेने बघतात, म्हणून सोसायटीत अजून टिकून आहे.

माझ्या या छंदाचे आद्य गुरू जॉर्ज स्टब्ज. अठराव्या शतकातला इंग्रज, लिव्हरपूलच्या चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. या माणसाने लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात शेतघर भाड्याने घेतलं आणि तिथे सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे सोलले. घोडा छताला साखळदंडांनी असा टांगायचा की तो चालत असल्यासारखा उभा दिसावा, मग एकेक थर उतरवायचा आणि प्रत्येक थराचं रेखाटन करायचं. एकेक घोडा आठवडेच्या आठवडे टांगलेला असे. शीतकपाट नव्हतं. मदतीला मेरी स्पेन्सर नावाच्या बाई होत्या, त्यांनीच आयुष्यभर त्याची साथ केली. या बाईंचं नाव मी घरात वरचेवर घेतो. नायट्रिक अ‍ॅसिडने पडदे गेले एवढ्यावरून केवढं रामायण, आणि तिकडे मेरीबाई! “त्यांचे पडदे घोड्याच्या पैशातून आले असतील,” एवढंच उत्तर येतं.

तेही खरं नाही. स्टब्ज रेखाटनं घेऊन लंडनला गेला, तर तिथल्या कोरक्यांनी हे काम आपलं नव्हे म्हणून हात वर केले. शेवटी पत्रे त्याने स्वतःच कोरले. पोटासाठी दिवसा उमरावांच्या घोड्यांची चित्रं, आणि उरल्या वेळात हाडं. पुस्तक निघालं १७६६ साली. म्हणजे त्याच्याही वहीत दोन रकाने असणार. पुढे म्हातारपणी त्याने माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीरांची तुलना करायला घेतली. हे मात्र मी घरी सांगितलेलं नाही.

त्याचं व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं चित्र आहे, १७६२ च्या सुमाराचं. लॉर्ड रॉकिंगहॅमसाठी काढलेलं, जवळजवळ हुबेहूब घोड्याएवढं. मागे काहीच नाही. ना डोंगर, ना झाड, ना ढग, नुसता पिवळसर रंग. दंतकथा अशी की त्यावर राजाला बसवायचं होतं आणि मागचा देखावा दुसऱ्या कुणी भरायचा होता. दोन्ही राहून गेलं. १९९७ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते एक कोटी दहा लाख पौंडांना घेतलं. डोंगराचा टेकू न घेता घोडा विकला गेल्याचा हा जगातला सर्वांत भक्कम पुरावा. मी त्याची छापील प्रत बायकोसमोर ठेवली.

तिने सन पाहिला. “तेव्हा हे हयात होते?”

“नाही. १८०६ ला गेले.”

तिने वही मिटली.

माझा घोडा घेतं कोण? हाडांचे डॉक्टर घेतात, दवाखान्यात लावायला. तिथे पेशंट त्याला घाबरून मुकाट बसतात असं एकाने कळवलं. अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं घेत नाहीत, मोबाइलवर फोटो काढून ‘थँक यू काका’ म्हणतात. मागे माथेरानला काही चित्रं घेऊन गेलो होतो. तिथे मोटारी नाहीत, घोडे आहेत, आणि जिकडे पाहाल तिकडे डोंगर, म्हणजे माझे दोन्ही रकाने एका जागी. दस्तुरी नाक्यावरचा एक घोडेवाला पुढच्या पायाच्या चित्रापाशी उकिडवा बसला. त्याने मनगटाखालच्या नळीवर बोट ठेवलं, मागची कंडर नखाने वरपासून खालपर्यंत रेखली, आणि एका बिंदूवर थांबून म्हणाला, “हितंच सूज येते. उतारावर.” मग किंमत विचारली आणि मोकळेपणाने हसला. त्या किमतीत त्याच्या घोड्याचा बऱ्याच दिवसांचा चारा आला असता. त्या दिवशी डोंगरही खपला नाही. समोर खरा फुकट दिसत असताना कोण घेणार?

गेल्या हिवाळ्यात मात्र एक जोडपं आलं. नवा फ्लॅट, दिवाणखान्याची मोठी भिंत. बाईंना घाट हवा होता. साहेबांचं मन सांगाड्यावर बसलं होतं. ते म्हणाले, असं दुसऱ्या कुणाकडे नसेल. बाई म्हणाल्या, नसेलच. बराच वेळ दोघं माझ्याकडे पाठ करून कुजबुजली. मग साहेब पुढे आले.

“दोन्ही घ्यायला भिंत नाही हो. असं करा ना, याच घोड्याच्या मागे थोडा डोंगर टाका. एकटाच उभा आहे, बरं नाही दिसत.”

मी त्यांना व्हिसलजॅकेटची सगळी हकीकत सांगितली. रिकामी पार्श्वभूमी, नॅशनल गॅलरी, एक कोटी दहा लाख पौंड. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तेवढे नाही देत मी. डोंगर टाकून काय होईल ते सांगा.”

छापावर हाताने जलरंग भरता येतो. डोळ्यांसमोर वही आली, आणि कुठल्या रकान्यात मांडायचं म्हणून पेन थांबवून बसलेली बायकोही.

“डोंगराचे वेगळे पडतील,” मी म्हणालो.

“आणि सूर्य?”

“सूर्य त्यातच.”

“उगवता हवा बरं का,” बाई मागून म्हणाल्या.

“भिंत कुठली आहे?”

“पूर्वेची.”

“मग उगवताच,” मी म्हणालो आणि पावतीपुस्तक काढलं.