झिपलॉकपंत

झिपलॉकपंत तुमच्याही नात्यात एक असणारच. आमचा न्यूजर्सीत असतो, एडिसनला. बायकोचा मावसभाऊ, मूळ गाव कराड, शिक्षणाने इंजिनिअर, आणि जगातल्या कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एकच तोडगा: तोंड दाबून बंद होणारी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. हिंग झिपलॉकमध्ये, ते झिपलॉक दुसऱ्या झिपलॉकमध्ये. मोजे जोडीजोडीने झिपलॉकमध्ये. स्वतःच्या लग्नात मंगळसूत्र घालायची वेळ आली तेव्हा तेही झिपलॉकमधून निघालं. निघालं म्हणजे, निघता निघेना. भटजींनी दाताने उघडून दिलं.

अशा माणसाला मुलगा झाला. आणि आठ महिन्यांच्या त्या मुलाला घेऊन दिवाळीला कराडला यायचं ठरलं.

आम्ही उभयता तेव्हा लेकीकडे अमेरिकेतच होतो आणि आमचं परतीचं तिकीट नेमकं त्याच विमानाचं निघालं. मला वाटलं योगायोग. मग त्याने पाठवलेल्या एक्सेलच्या तक्त्यात बारावी ओळ दिसली: ‘ताई + दाजी = जादा हात ४’. आमच्या वरच्या ओळीत दुधाच्या बाटल्या होत्या, खालच्या ओळीत लाळेरी. तिकिटाची तारीख आमच्या लेकीला त्यानेच सुचवली होती, हे मागाहून कळलं.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याला साधारण मोठ्यांच्या दहा टक्के भाडं पडतं, वर कर. सामान मात्र नव्वद टक्के त्याचंच. तयारी दोन महिने आधी सुरू झाली. बाळाच्या ओसीआय कार्डाच्या (परदेशस्थ भारतीयाच्या ओळखपत्राच्या) अर्जावर सहीच्या जागी अंगठा उठवायचा होता. बाळाने शाई लावलेला अंगठा सरळ तोंडात घातला. त्या दिवसापासून ‘शाई – जीभ’ अशी चिठ्ठी लावलेलं ओल्या रुमालांचं एक स्वतंत्र झिपलॉक तयार झालं आणि ते विमानातही आलं. विमानात शाई कुठून येणार, असं मी विचारलं. “दाजी, शाई कुठूनही येऊ शकते,” तो म्हणाला.

चिठ्ठ्यांचं छोटं छापयंत्र त्याच्याकडे आहे. डायपरच्या पिशव्यांचे त्याने तीन वर्ग केले होते: ‘शी – साधी’, ‘शी – पाठीपर्यंत’ आणि ‘शी – मानेपर्यंत’. पहिल्यात एक डायपर, चार ओले रुमाल. दुसऱ्यात शिवाय एक अंगडं. तिसऱ्यात बाळाचे दोन पोशाख, बापाचा टी-शर्ट, आईचा कुर्ता आणि (हे मला विमानात कळलं) माझा एक शर्ट. आमच्या लेकीकडून हळूच मागवून घेतला होता. माझा शर्ट, इस्त्री केलेला, हवा काढून चपटा केलेला, ‘दाजी – मानेपर्यंत’.

नेवार्कच्या सुरक्षा तपासणीत पंतांना आयुष्यातला पहिला धक्का बसला. हातातल्या सामानात द्रव पदार्थ शंभर मिलिलिटरपर्यंतच, आणि तेही एका छोट्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढेच, हा अमेरिकन नियम म्हणजे आमच्या मेहुण्याला देशाने दिलेली मानवंदना वाटते. त्याने दूध-पाणी त्या हिशेबाने चिमुकल्या बाटल्यांत भरलं होतं. तपासनीस बाई म्हणाल्या, बाळाच्या दुधाला ही अट नाही, लागेल तेवढं न्या, फक्त वेगळं काढून दाखवा. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. हा त्यांना पिशवीचे फायदे समजावून सांगू लागला. मागच्या रांगेने सामूहिक उसासा टाकला, तेव्हा कुठे त्याची बायको त्याला दंडाला धरून पुढे घेऊन गेली.

पाळण्याची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. भिंतीसमोरच्या पहिल्या सीटपुढे विमानात बाळासाठी एक पाळणा अडकवतात. त्याला वजनाची मर्यादा असते, एअरलाइनगणिक वेगळी. याने महिनाभर बाळ रोज वजनकाट्यावर ठेवलं. नऊ किलो झाल्यावर घाबरून वरणभात सुरू करायचा बेत पुढे ढकलला. तेव्हा बायकोने, ‘आता तुलाच उपाशी ठेवीन’ म्हटल्यावर वरणभात सुरू झाला. अखेर बाळ मर्यादेत बसलं, पाळणा लागला, बाळ निजलं. वीस मिनिटांत हवेचे हेलकावे सुरू झाले, पट्टे बांधायचा दिवा लागला, आणि हवाईसुंदरीने सांगितलं, बाळाला उचलून मांडीवर घ्या. नियमच आहे तो. दिवा विझला, बाळ पाळण्यात. दिवा लागला, बाळ मांडीवर. चौथ्या वेळी बाळाने जो सूर लावला तो शेपटाकडच्या स्वच्छतागृहापर्यंत ऐकू गेला असणार. पुढे त्या पाळण्यात बाळ फिरून निजलं नाही. त्यात झिपलॉक निजले. मुंबईपर्यंत.

आता खरं सांगायचं तर ही सगळी तयारी बाळाच्या रडण्याची नव्हतीच. लोकांच्या बघण्याची होती. लहान मूल बसलेली सीट आरक्षणाच्या नकाशावर चित्राने दाखवायची सोय जपान एअरलाइन्सने २०१९ मध्ये केलेली त्याला पाठ होती. आपल्या इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या, हेही पाठ होतं. आणि त्याच २०१९ साली सेऊलहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका आईने दोनशेवर सहप्रवाशांना आगाऊ माफीची चिठ्ठी, कानात घालायचे बोळे आणि गोळ्या वाटल्याची बातमी त्याने वाचली होती. त्या बातमीच्या फोटोतल्या पिशव्या झिपलॉक होत्या. झालं!

त्याने चाळीस केल्या. एडिसनच्या ओक ट्री रोडवरून लिमलेटच्या गोळ्या आणल्या, कानाचे बोळे घातले आणि बाळाच्या तोंडी इंग्रजीत एक माफीनामा छापला. विमान सुटायच्या आत तो वाकून वाकून आसपासच्या रांगांत वाटू लागला. पण ऑक्टोबरातलं अमेरिकेहून मुंबईला येणारं विमान कुणी भरलेलं असतं? एप्रिल-मेमध्ये मुलांकडे गेलेले, सहा महिने संपत आलेले आणि थंडी पडायच्या आत घर गाठणारे आईबाप. सगळ्या विमानात शाली, मफलर आणि गुडघ्यांचे पट्टे. माफीनामा कुणी वाचला नाही, कारण चष्मे वरच्या कप्प्यात गेले होते. गोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. एका काकांनी बोळेही गोळी समजून तोंडात घातले आणि नंतर हवाईसुंदरीकडे तक्रार केली. पलीकडच्या रांगेतल्या सांगलीच्या आजींनी बोळे परत केले. म्हणाल्या, “ठेव तुलाच. मी कानातलं मशीनच काढून ठेवलंय.”

तर पाळण्याचं चौथं आवर्तन संपलं, ‘शी – पाठीपर्यंत’ची दोन पाकिटं खर्ची पडली, बाळ टिपेला पोचलं आणि पंत घाम पुसत ‘खेळणी – अत्यंत निकड’ शोधू लागले. त्या आजी उठल्या. “आण की हिकडं त्याला. किती वेळ पिशव्याच उघडतोयस?” त्यांनी बाळ उचललं, खांद्यावर टाकलं आणि मधल्या वाटेने येरझाऱ्या घालायला लागल्या. पुढच्या दोन तासांत बाळ नाशिकच्या एका आजोबांकडे, मग अहमदाबादच्या एका ‘बा’कडे, मग परत सांगलीला, असं फिरून आलं. कुणी हात धुतले होते, कुणी नव्हते. हात साफ करायच्या द्रवाचं झिपलॉक घेऊन आमचा मेहुणा वरातीमागे चालत होता. नंतर तेही थांबलं. बायको तोंड उघडं टाकून झोपली होती. हा रिकामे हात मांडीवर ठेवून बसला, एका मोकळ्या पिशवीचं तोंड दाबायचा, उघडायचा, पुन्हा दाबायचा.

त्याच्या बाळंतपणाला (माझी बायको ‘त्याचं बाळंतपण’ असंच म्हणते) कुणी येऊ शकलं नव्हतं. त्याच्या बायकोच्या घरी आई नाही. कराडच्या मावशींना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळेना, मिळाली तोवर गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ऐन जानेवारीत घरात दोघं आणि एक तान्हं. डिंकाचे लाडू कसे करायचे ते याने मावशींना फोनवर विचारून लिहून घेतलं, ऑफिसचं काम संपवून रात्री डिंक तळला, पहिला घाणा जाळला, दुसरा वळला. आणि रोजचा एक, असे ते लाडू तारीख घालून झिपलॉकमध्ये भरून ठेवले, म्हणजे तिला आज खाल्ला की नाही हे आठवावं लागू नये. ही हकिगत सांगताना माझी बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघते, ती मला आवडत नाही. आमच्या वेळी लाडू तिच्या आईने केले होते आणि त्यातले बरेचसे मी खाल्ले होते.

उतरण्याचा प्रसंग राहिला. विमानाच्या आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ ठेवतात, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्याही वर, आणि खाली येताना तो दाब भराभर बदलतो. बाळांची कानाची नळी अरुंद, म्हणून त्या वेळी त्यांना काहीतरी चोखायला द्यावं, गिळलं की कान मोकळे होतात. हे सगळं खरं आहे आणि त्याने मला ते तीनदा सांगितलं होतं. ‘उतरताना – कान’ हे पाकीट घेऊन तो आजींसमोर उभा राहिला. बाळ त्यांच्या खांद्यावर गाढ. “निजलेलं लेकरू उठवतंय व्हय कुणी?” आजी म्हणाल्या, आणि पंतांना सीटवर जाऊन पट्टा बांधावा लागला. बाळ मुंबईच्या धावपट्टीवर चाकं टेकली तरी उठलं नाही. कान बसले ते पंतांचे. कराडला पोचल्यावर मावशी दारातच काय म्हणाल्या ते त्याला ऐकू आलं नाही. तो नुसता हसत उभा होता, आणि मावशी रडत होत्या.

काल त्याचा फोन आला. बाळाला रोज तेल लावून आंघोळ, सहाणेवर उगाळलेली गुटी (वेखंड, मुरडशेंग, हळकुंड झिपलॉकमध्ये भरून झालेत), आणि दुपारी शेजारपाजारच्या चार मांड्या. मग मूळ मुद्दा निघाला. “दाजी, जानेवारीत तिकडे जाणारं कुणी आहे का ओळखीचं? वयस्कर?” मी म्हटलं, अरे, ऐन थंडीत न्यूजर्सीला कोण म्हातारं जाईल? जाणारी विमानं आज्यांनी भरतात ती एप्रिलमध्ये. पलीकडे थोडा वेळ शांतता होती आणि मग की-बोर्डची टकटक ऐकू आली. तारीख एप्रिलपर्यंत पुढे नेता येईल का, हे तो बघत होता. घरून काम करायची परवानगी त्याने मागूनही टाकली आहे. कारण काय दिलंस, मी विचारलं.

“कान,” तो म्हणाला. “अजून सुटले नाहीत म्हणून कळवलंय.”