मिश्रीबाई, त्या जखमेवरून हात काढा

मिश्रीबाई,

नमस्कार घालण्याइतकी माया माझ्या मनात उरलेली नाही, म्हणून थेट विषयाला हात घालते. जतमधल्या आमच्या घरात तुम्ही माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून नांदता आहात. चुलीपाशी तुमचा वेगळा तवा, सासूबाईंच्या उशाला तुमची डबी. पानाचा तंबाखू काळा पडेपर्यंत भाजायचा, कुटायचा, फडक्यातून गाळायचा आणि सकाळी उठल्या उठल्या बोटाने हिरड्यांवर चोळत बसायचं. घरातल्या देवाची पूजा एखादे दिवशी चुकली, तुमची कधी चुकली नाही. एवढा मान मिळूनही तुमचं पोट भरलं नाही आणि तुम्ही माझ्या धाकट्या जाऊच्या ताज्या जखमेत शिरलात.

तिची उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी रुतली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी हिरडी कापली, थोडं हाड कोरलं, दाढेचे तुकडे करून ते बाहेर काढले आणि टाके घातले. दाढ काढली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजे त्या हाडाचं पांघरूण. ती टिकली तर तिच्याच जागी हळूहळू नवं मांस भरतं, आणि ती गेली तर खालचं हाड उघडं पडतं. म्हणून तर डॉक्टर कापसाचा बोळा दाताखाली घट्ट दाबून धरायला लावतात, पहिले 24 तास चूळ भरू देत नाहीत, थुंकू देत नाहीत, नळीने काही ओढून पिऊ देत नाहीत. आमच्या पोरीने हे सगळं पाळलं. मिरजेहून कवठेमहांकाळमार्गे एसटीने येताना तोंडातून शब्द काढला नाही. घरी गालावर बाहेरून बर्फाची पिशवी, रात्री डोक्याखाली दोन उशा, जेवायला गार आंबील आणि ताकात कालवलेला गुरगुट्या भात. दुसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला, पण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते हे आम्हाला सांगितलेलं होतं. दुखणं उतरणीला लागलं होतं.

आणि मग तुमची स्वारी आली. ठणका आहे म्हटल्यावर सासूबाईंनी डबी पुढे केली. "लाव की वाईच, ठणका मोडंल." त्यांच्यावर माझा राग नाही. त्या स्वतः लहान असताना दात दुखला म्हणून त्यांच्या आईनेच त्यांच्या हिरडीला तुम्हाला लावलं होतं. दात पडून गेला, तुम्ही मात्र जन्मभर राहिलात. घरोघर शिरायची तुमची वाट हीच आहे. दुखऱ्या दाताचं औषध म्हणून येता आणि बाईला सोडत नाही. जाऊसुद्धा या घरात आल्यावरच तुमच्या नादी लागली होती, त्यामुळे दोन दिवसांच्या उपासानंतर तिला तुमची तलफही होतीच.

आता तुमची करामत ऐका. बोट जखमेजवळ फिरलं, गुठळी हलली. तोंडात पाणी सुटलं म्हणून ती पुन्हा पुन्हा थुंकली, त्या ओढीने गुठळी आणखी सुटली. वर तुमच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणजे जखमेला नवं रक्तही नीट पोचू द्यायचं नाही. तीन बाजूंनी वेढा घातलात, आणि तोही ज्या पोरीने तुम्हाला औषध समजून तोंडात घेतलं तिला!

त्या रात्री ठणका कानापर्यंत गेला. तोंडाला घाण वास, जिभेवर कुजकट चव, वेदनाशामक गोळीने तासभरही आराम नाही. दिवसागणिक कमी व्हायचं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटं वाढलं, तर ते गुठळी निघून कोरड्या पडलेल्या खड्ड्याचं लक्षण असतं. खालच्या जबड्यात हे जास्त होतं, तंबाखू घेणाऱ्यांत जास्त होतं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या बायकांतही याचा धोका वाढतो. डॉक्टरांना हे दुखणं नवीन नाही, 1896 पासून त्याचं वर्णन लिहिलेलं आहे. परत मिरज गाठली. डॉक्टरांनी कोमट सलाईनने खड्डा धुतला तेव्हा मी बाजूलाच उभी होते. आत लाल काहीच नव्हतं, करडं-पांढरं हाड दिसत होतं. त्यांनी लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी आत बसवली आणि थोड्याच वेळात तिचे खांदे सैल पडले. कुणी घरी लवंग तेल ओतू नये, नुसत्या तेलाने मांस भाजतं, हेही त्यांनी बजावलं.

तुमच्या पाठीशी माणसं थोडी नाहीत, हे मला ठाऊक आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा बिनधुराचा तंबाखू वापरत असल्याचं दिसलं. राज्याने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. गुटखा खाणाऱ्या पोराला घरात चार शिव्या बसतात, आणि तुम्हाला 'जुन्या बायकांची सवय' म्हणून पाट मांडून बसवतात. निपाणीकडे तंबाखूवर ज्यांचं पोट चालतं त्यांच्याशी मी भांडत नाही. माझं भांडण तुमच्याशी आहे, कारण आमच्या भागातल्या बाईला दवाखाना गाठायचा म्हणजे भाडं, मोडलेला रोजगार आणि लेकरं कुणापाशी ठेवायची याची चिंता. एवढ्या सायासाने ती जखम शिवून आणते आणि तुम्ही चिमूटभर येऊन तिला परत त्याच एसटीत बसवता.

तिची डावीकडची दाढ अजून आत आहे, तीही आडवीच. यल्लम्माची जत्रा उरकली की काढायची ठरलं आहे. या वेळी ऑपरेशनच्या आधीच तुमचं सेवन बंद, आणि टाके निघेपर्यंत तुम्हाला उंबऱ्याच्या आत थारा नाही. 24 तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं घोळवून खाली मान करून सोडून द्यायचं, जोर लावायचा नाही, हे मी सासूबाईंकडून दोनदा वदवून घेतलं आहे. तुमची डबी त्या दिवसांत माझ्या ट्रंकेत असेल. कुलूप मी सासूबाईंसमोरच लावणार आहे आणि त्यांनी हो म्हटलं आहे.

तुमच्यावर चिडलेली,
जतमधल्या एका घरातली थोरली सून